लाले म्हणायचं कुणाला?

महलकाने इराणातल्या शिराजमध्ये मुलींच्या शाळेत सत्तावीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, आणि तिचा नवरा हुशंग मुलांच्या शाळेत जुनं फारसी काव्य शिकवायचा. लग्न झाल्यापासून दोघांचं एकाच फुलावरून वाजत होतं. जुन्या कवितांत पानोपानी लाले फुलतं: लालभडक पेला आणि काळजात काळा डाग. हुशंगच्या मते ते ट्युलिप. महलकाच्या मते खसखशीची रानटी जात.

यंदा नवरोजच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या, तेराव्या दिवशी सगळं गोत बागेत जेवायला जमलं होतं. हुशंगने डोळे मिटून लालेची एक ओळ म्हटली. सगळे ‘वाहवा’ म्हणणार, तोच महलका भात वाढता वाढता म्हणाली, “खसखस.”

जावयाला हसताना ठसका लागला. हुशंगचे कान लाल झाले.

दोन दिवसांनी भल्या सकाळी तो चहाचा थर्मास घेऊन दारात उभा राहिला. “चल डोंगरावर. तुझं ते भिंग घे. एकदाचा सोक्षमोक्ष लावू.”

“आणि माझा गुडघा?”

“तोही घे.”

दश्ते-अर्जन खोऱ्याच्या वरचा उतार लालेलाल झाला होता. हुशंगच्या हाताला धरून, दोनदा बसून महलका चढली. गवतात वाकून तिने पहिल्याच फुलाला भिंग लावलं. चार पाकळ्या, केसाळ देठ, आत काळे डाग. खसखसच.

“बघ!” ती म्हणाली.

हुशंगने बघितलं आणि तो दगडावर जाऊन बसला. त्याचा उतरलेला चेहरा बघून महलकाला वाटलं होतं तेवढा आनंद झाला नाही. ती चार पावलं वर गेली. तिथे खडकाच्या फटीत रुंद पानांमधून एक फूल वर आलं होतं. सहा पाकळ्या, तळाशी काळाकुट्ट डाग. ट्युलिप. हुशंगची तिकडे पाठ होती. गप्प राहिली असती तर त्याला कधी कळलंही नसतं.

“हुशंग, इकडे ये,” तिने हाक मारली. “तुझंही आहे.”

तेवढ्यात कोकरं हाकत कश्काई या भटक्या जमातीची एक बाई तिथे आली. तिचं नाव मारल. हुशंगने ट्युलिप दाखवत तिलाच विचारलं. “बाई, याला काय म्हणता?”

“लाले.”

“आणि त्याला?” महलकाने खसखशीकडे बोट दाखवलं.

“लाले.”

“अगं, पाकळ्या तरी मोज!”

“मोजून काय करू, खानम? लाल आहे, काळीज जळलंय. लालेच की.” मारलने दोघांना नीट न्याहाळलं. “एवढ्यासाठी शिराजहून आलात?”

“एवढ्यासाठीच,” हुशंग म्हणाला, आणि पोट धरून हसत सुटला. महलकालाही हसू आवरेना.

मारलने दोघांना तंबूत नेलं, पातळ रोटी आणि पुदिन्याचं ताक दिलं. हुशंगने तिला कविता ऐकवली. तिने ती मान डोलावत ऐकली आणि मग स्वतःच्या तुर्की बोलीत कोकरांसाठीचं एक गाणं म्हटलं. त्यातही लाले होतं. महलकाने वही काढली आणि ती म्हणाली, “पुन्हा म्हण गं, सावकाश.” मारल म्हणत गेली, महलका उतरवत गेली. फूल कुठल्या जातीचं, ते मात्र तिने विचारलं नाही.