दोन जावांचा खताचा ड्रम

मी खताचा ड्रम बोलतोय. उभ्या उभ्याच ऐका. मला स्वतःला स्वस्थ बसणं ठाऊक नाही आणि समोर कुणी मांडी ठोकून बसलेलं मला बघवत नाही. बाहेरून पाहाल तर निळा, बुटका, गच्चीच्या कोपऱ्यात चार विटांवर गपचूप उभा. पण झाकणाला हात लावून बघा, गरम लागेल. आत सालं विरघळतायत, देठ मऊ पडतायत, अळ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडतायत. लोकांना वाटतं, कुजणं म्हणजे नुसतं पडून राहणं. एकदा कुजून बघा म्हणजे कळेल किती धावपळ असते ती.

माझा जन्म कारखान्यातला. साच्यातून बाहेर पडलो आणि थेट एका लाँड्रीत कामाला लागलो. काम काय, तर पोटात कपडे धुण्याचा पातळ साबण धरून ठेवायचा. दोन वर्षं तेच. साबण हलत नाही, बोलत नाही, साधा खराबसुद्धा होत नाही. माझा जीव नुसता आंबून गेला. मग एक दिवस लाँड्रीची वायरिंग करायला एक वायरमन आला. मी रिकामा होऊन दारात पडलो होतो, येणारा-जाणारा मला ठेचकाळत होता. वायरमन म्हणाला, "हा नेऊ का?" लाँड्रीवाला म्हणाला, "आत्ताच्या आत्ता न्या." माझी पाठवणी इतक्या प्रेमाने झाली.

वायरमनच्या घरी खालच्या मजल्यावर तो, त्याची बायको आणि दहा वर्षांची मुलगी ठकी राहायची. वरच्या मजल्यावर धाकटा भाऊ आणि त्याची बायको. धाकटा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. गच्ची दोन्ही घरांची. थोरली जाऊ शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला होती, त्यामुळे मोजल्याशिवाय तिला काही करताच यायचं नाही. तिने नवऱ्याकडून मला ड्रिलने भोकं पाडून घेतली. चार बोटांच्या अंतरावर एक, अशी बेचाळीस.

"अगं, ड्रम आहे की चाळण?" वायरमन वैतागला.

"हवा लागते आत. एक्केचाळीस झालीत, एक राहिलंय."

ते शेवटचं भोकही झालं. तळाला सुक्या काड्या आल्या. मग नियम सुरू झाले. ओल्याचा एक थर, त्यावर सुक्याचे दोन. सालं बारीक चिरूनच टाकायची. दर चौथ्या दिवशी पार तळापर्यंत ढवळायचं. आणि मुठीची परीक्षा: आतलं मूठभर घ्यायचं आणि पिळायचं. एखाददुसरा थेंब आला तर उत्तम. धार लागली तर सुकं घालायचं. काहीच आलं नाही तर एक मग पाणी, जास्त नाही. ठकीने हे सगळं वहीत लिहून घेतलं होतं आणि बापाला ती रोज झापायची, कारण तो सालाबरोबर फळावरचा चिकट कागदही टाकायचा. एकदा त्याने आपला टेस्टरच माझ्या पोटात टाकला. तीन महिने घरातल्या प्रत्येकाची झडती झाली, माझी सोडून.

सुकं यायचं धाकटीकडून. ती घरी शिवणकाम करायची, तिच्या मशीनखाली कातरणांचा ढीग पडायचा. ती पिशवी भरून आणून द्यायची.

"सुतीच टाक हं, नायलॉन नको," थोरली म्हणायची.

"वहिनी, कापडातलं तरी मला शिकवू नका."

आणि दोघी हसायच्या. तीन महिन्यांनी माझ्या पोटातून काळंभोर, भुसभुशीत खत निघालं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपला जन्म काही अगदीच साबणात गेला नाही. थोरलीचे टोमॅटो असे लगडले की काठ्या बांधाव्या लागल्या.

मग ती सकाळ आली. 

थोरलीने टोमॅटोची तीस रोपं तयार केली होती, अंड्यांच्या पुठ्ठ्यांत, करंगळीएवढी. धाकटीने गिऱ्हाइकाचे पडदे धुऊन दोरीवर घातले. पडदे नीट पिळलेले नव्हते. रंग उडवायच्या पावडरीचं पाणी सकाळभर रोपांवर ठिबकत राहिलं. थोरली वर आली तेव्हा तिसाच्या तीस माना टाकून पडलेली. ती पांढरीफटक पडली आणि बोलून गेली, "जीव वाढवायला काय लागतं, ते तुला काय कळणार!"

धाकटी तीन आठवड्यांपूर्वीच दवाखान्यातून परतली होती. चार महिन्यांचं पोट होतं, ते राहिलं नाही. सगळ्या घराला माहीत होतं. थोरलीला तर होतंच, दवाखान्यात उशाशी तीच बसली होती.

 धाकटीने ओले पडदे दोरीवरून ओढले, छातीशी धरले आणि जिना उतरून गेली. थोरली माझ्या झाकणावर दोन्ही हात टेकून उभी राहिली आणि रडली. मला हात असते तर मी तिला ढकलतच खाली पाठवलं असतं. पण ती गेली नाही. तोंड पुसलं, मेलेली रोपं माझ्या पोटात टाकली आणि शाळेत निघून गेली.

त्यानंतर पाच महिने दोघींमध्ये अबोला. निरोप असले तर ठकीमार्फत. "काकूला सांग, दोऱ्या मोकळ्या झाल्या." "आईला सांग, ऐकलं मी." दोघी चार पायऱ्यांच्या अंतरावर उभ्या असायच्या आणि मध्ये ठकी मान वळवून वळवून थकायची. शेवटी तिने निरोप न्यायचं सोडून दिलं. तिचं मला पटलं.

कातरणं बंद झाली. थोरली मागणार नाही आणि धाकटी आपणहून देणार नाही. पण पाणी मात्र चालू राहिलं. थोरली सकाळी शाळेत जायच्या आधी यायची, एक मग ओतायची, झाकण लावायची. मुठीची परीक्षा तिने सोडली होती. झाकण तापून वरचा थर सुकलेला दिसला की तिला पुरे व्हायचं. आणि दुपारी, थोरली घरात नाही असं बघून, धाकटी यायची. झाकण उघडायची आणि मिनिटभर नुसती आत बघत राहायची. आत काहीतरी जिवंत आहे, हलतंय, एवढंच तिला बघायचं असायचं. मग वरचा थर सुकलेला दिसला की तीही एक मग ओतायची. दोघींना वाटायचं, दुसरीने मला वाऱ्यावर सोडलंय, आता आपणच काय ते बघायचं.

मी ओरडत होतो हो! पण ड्रमचं ओरडणं म्हणजे वास. भोकं चिखलाने बुजली, तळाला काळं पाणी साचलं, हवा संपली, अळ्या जीव मुठीत धरून झाकणाकडे चढायला लागल्या. अति तिथं माती म्हणतात, माझी तर मातीही होईना. समोरच्या गच्चीवर एक निवृत्त मास्तर राहायचे. ते रोज कठड्याशी येऊन नाकाला रुमाल लावून विचारायचे, "तुमच्याकडे काही मेलंय का?"

शेवटी एका गुरुवारी वायरमनचं टाळकं सरकलं. तो गच्चीतून जिन्यात ओरडला, दोन्ही मजल्यांना ऐकू जाईल असं. "रविवारी भंगारवाला येतोय. ड्रम जाईल, कुंड्या जातील, दोऱ्या जातील. सगळीकडे फरशी घालतो आणि वर कुलूप लावतो. मग बसा आपापल्या घरात!"

माझा जीव टांगणीला लागला. भंगाराची मला भीती नव्हती असं म्हणणार नाही, होती. पण त्याहून मोठी गोष्ट मला कळत होती. गच्ची गेली की या दोघींना एकमेकींच्या वाटेत यायचं कारणच उरणार नव्हतं.

शनिवारी शाळा अर्धा दिवस असते. भर दुपारी थोरली वर आली, हातात खुरपं आणि जुनी चादर. मागोमाग जिन्यात पावलं वाजली. धाकटी, पाठीवर गोणी आणि हातात पाण्याचा मग.

दोघी थबकल्या. आज मध्ये ठकीही नव्हती.

"हा मग कशाला आणलास?" थोरलीच्या तोंडून निघालं.

"पाणी घालायला. रोज घालते."

"रोज?"

"मग काय वाळू देऊ? तुम्ही तर सोडूनच दिलंत."

"अगं बाई, मी रोज सकाळी घालते!"

धाकटीने हातातल्या मगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग मास्तरांच्या गच्चीकडे. "तरीच," ती म्हणाली. तिने ते पाणी कोपऱ्यातल्या मोरीत ओतलं. "गोणीत कातरणं आहेत. सुती. पाच महिन्यांची."

दोघींनी मिळून मला आडवा केला. जड होतो, विटांवरून घसरलो, तळाला कडकन तडा गेला. दुखलं, पण पोटातलं ते काळं पाणी वाहून गेलं तेव्हा इतकं हलकं वाटलं की तक्रार करावीशी वाटली नाही. चादरीवर सगळा चिखल पसरला. दोघी नाकाला पदर-ओढणी बांधून कोपरापर्यंत हात घालून गुठळ्या फोडायला लागल्या.

"त्या दिवशी मी जे बोलले..."

"नका, वहिनी."

"बोलू दे. शब्द तोंडातून गेला आणि त्याच क्षणी मला कळलं."

"मग खाली का नाही आलात?" धाकटीचे हात थांबले. "दाराला कडीसुद्धा लावली नव्हती मी."

थोरलीने हातातली गुठळी चुरून टाकली. मग म्हणाली, "लाज वाटली. रोज ठरवायचे, आज बोलायचं. आणि इथे येऊन एक मग पाणी ओतून जायचे."

"मी ते विसरणार नाही."

"नको विसरूस."

धाकटीने कोपराने डोळे पुसले, गालभर चिखल झाला. मग म्हणाली, "ती गोणी ओता आता. मास्तर बेशुद्ध पडतील."

रविवारी भंगारवाला आला. वायरमनने मला हात लावला मात्र, दोन मजल्यांवरून एकदमच आवाज आला, "हात लावू नका!" तो बिचारा हात वर करूनच उभा राहिला, चोर पकडल्यासारखा. भंगारवाला एक मोडका पंखा घेऊन गेला. संध्याकाळी वायरमनने तड्याच्या दोन्ही बाजूंना भोकं पाडून मला तांब्याच्या तारेने टाके घातले. बेचाळिसाची पन्नास झाली, थोरलीने मोजली.

दोन महिन्यांनी माझ्यातून खत निघालं. थोरलीने ते चाळलं आणि अर्धी बादली धाकटीच्या दारात ठेवली. धाकटीने आजवर स्वतःच्या हाताने कधी काही पेरलं नव्हतं. तिने एक पत्र्याचा डबा भरला, मुळ्याचं बी आणलं आणि अख्खी पुडी त्यात रिकामी केली. मग दिवसातून सहा वेळा वर येऊन वाकून बघायची. चौथ्या दिवशी कोंब आले, गर्दी करून, एकमेकांच्या खांद्यावर चढून.

थोरली वर आली आणि तिने तो डबा पाहिला. तिचं तोंड उघडलं. मी मनात म्हटलं, बाई, जपून! तिने तोंड मिटलं. मग विचारलं, "एक सांगू का?"

"सांगा ना."

"फार दाट झालंय. विरळ करावं लागेल. पाच-सहा ठेवायचे, बाकीचे उपटायचे. नाहीतर एकही धरत नाही."

धाकटीने डब्यावर हात धरला. "तुम्ही उपटा," ती म्हणाली. "मला नाही जमायचं." आणि तोंड फिरवून उभी राहिली.

थोरली गुडघ्यांवर बसली. चिमटीत पहिला कोंब धरला. तशीच राहिली. मुळा एका जागेवरून दुसरीकडे हलवलेला मानवत नाही, हे ठकीच्या वहीत दोनदा अधोरेखित करून लिहिलेलं आहे, आणि ते सांगणारी थोरलीच. ती उठली, खाली गेली आणि घरात होते नव्हते तेवढे डबे, बरण्या, फुटके मग घेऊन आली.

"चमचा आण," ती म्हणाली. "एकही उपटायचा नाही."

सगळी दुपार दोघी चमच्याच्या दांड्याने एकेक कोंब मुळासकट उचलत बसल्या. बहात्तर होते. यावेळी धाकटीने मोजले. काहींनी दुसऱ्या दिवशी माना टाकल्या. बरेचसे जगले, वाकडेतिकडे, मूळ दुभंगून दोन पायांचे झालेले, कसेही. पण जगले.

आता गच्चीवर पाय ठेवायला जागा नाही. मी कोपऱ्यात टाके सांभाळत तिरका उभा आहे. दोघी त्या डब्यांमध्ये बसून तासन् तास बोलतात, आणि माझी एवढीच विनंती आहे की बोलता बोलता जरा इकडेही बघा. सहावा दिवस उजाडलाय, मला कुणी ढवळलेलं नाही. एवढ्या सगळ्यांना खत लागणार आहे.