हैबतीच्या छातीतली बाय

मी एक एक्स-रे फिल्म बोलतेय. दचकू नका, तुमच्या दुखण्याचं काही सांगायला आलेली नाही. माझ्यात एकाच माणसाची छाती आहे आणि तो माणूस केव्हाच गेला. पोलादपूर तालुक्यातल्या कापडे गावचा हैबती. त्याच्या फासळ्या, त्याचं हृदय, उजवीकडे वर आलेला तो डाग, सगळं माझ्याजवळ आहे. त्या फासळ्यांच्या आत एक बाई आहे. तिच्यामुळे माझा गावभर बोभाटा झाला, म्हणून खरी हकीकत मीच सांगितलेली बरी.

माझा जन्म महाडच्या एका दवाखान्यात, चौऱ्याण्णवच्या थंडीत झाला. हैबतीला उघड्या अंगाने उभं केलं, श्वास रोखायला सांगितलं आणि एका क्षणात तो माझ्यात उतरला. पण दिसत नव्हता. डार्करूममध्ये लाल दिव्याखाली मला औषधाच्या पाण्यात हलवलं, तेव्हा तो हळूहळू वर आला. मला हलवणारे हात त्याच्याच मुलाचे होते. दवाखान्यात फिल्म धुवायचं काम तोच करायचा. लोक त्याला चंदू म्हणत.

मी तसं म्हणणार नाही. आम्हा फिल्मना वरची कातडी दिसत नाही, त्यामुळे लोकांचे पुष्कळ गैरसमज आम्हाला होत नाहीत. त्या अंधाऱ्या खोलीत कोणी नसलं की, ते हात जिचे होते, ती स्वतःला राजश्री म्हणायची. मीही तेच म्हणते.

डाग डॉक्टरांच्या आधी तिने पाहिला. दाराबाहेर बाकावर बसून हैबती विचारत होता, "काय दिसला रे, चंदू?"

"काय नाय, आबा. ओली हाय अजून," ती म्हणाली.

होळीच्या आत हैबती गेला. त्याचा जन्मात एकही फोटो निघालेला नव्हता. त्यामुळे त्याच्या बायकोने, गोदूबाईने, मला कापड्याच्या घरात ट्रंकेत जपून ठेवलं.

राजश्रीला चित्रकथांचं वेड होतं. महाडला स्टँडजवळ भाड्याने मिळायच्या, तिथून ती आणायची. त्यांत राजे होते, राक्षस होते, बोलणारी माकडंसुद्धा होती, पण तिच्यासारखं कोणी नव्हतं. मग तिने स्वतःच काढायला घेतल्या. कागदावर काढाव्यात तर कोणीही वाचणार. म्हणून ती दवाखान्यातल्या वाया गेलेल्या फिल्म घ्यायची आणि सुईने काळा थर खरवडायची. आमचा थर दोन्ही बाजूंना असतो, त्यामुळे एकच रेघ पुढून आणि पाठीकडून अशी दोनदा ओढावी लागते, तेव्हा कुठे उजेड आरपार येतो. टेबलावर पडलेली असली की नुसती काळी फिल्म. उजेडाकडे धरली की गोष्ट.

एका फिल्मवर राजश्री एसटीत बायकांच्या सीटवर बसते आणि कंडक्टर तिला 'ताई, सरका' म्हणतो, एवढंच होतं. एकीवर ती वीस मार्चच्या गर्दीत चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेते. बाजारात शिवणकाम करणाऱ्या दोघींची एक गोष्ट होती, ज्यांना लोक बहिणी समजत. आणि एक उबेद ड्रायव्हरची. त्याचा जिवलग दुबईला गेला, परत येऊन निकाह करून बसला, आणि नवरदेवाची गाडी चालवायला उबेदच होता. उबेद अधूनमधून तिच्या महाडच्या खोलीवर यायचा, आपली फिल्म खिडकीशी धरून बघायचा आणि दर वेळी म्हणायचा, "नाक जरा चांगलं काढलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

हैबतीच्या तेराव्यानंतर राजश्रीने मला ट्रंकेतून काढलं. दोन फासळ्यांमधली जागा फार काळी असते. ती एकेक जागा तिने एकेक चौकट धरली. पहिल्या चौकटीत राजश्री साडी नेसून घराची चढण चढते. मग हैबती ओट्यावर बसलेला. मग तो सरकून तिला जागा देतो. मग दोघं चहा पितात. शेवटच्या चौकटीत ती न्हाऊन, केस मोकळे सोडून, दारात उभी आहे. बाप जिवंत असताना जे सांगायचं राहिलं, ते तिने त्याच्या छातीत काढलं. सुई लागताना मला दुखलं नाही. ती मात्र रडत होती. मग तिने मला पुन्हा ट्रंकेत ठेवलं आणि कोणाला काही सांगितलं नाही.

पंच्याण्णवच्या दिवाळीत, अमावस्येला, सकाळीच सूर्याला ग्रहण लागलं. गावाने दारं लावून घेतली, पाण्याच्या हंड्यांत तुळशीची पानं टाकली. बौद्धवाडीतले अश्विन गुरुजी मात्र आदल्या दिवशी घरोघर सांगून गेले होते, "ग्रहण म्हणजे सावली आहे. मुलांना घेऊन खळ्यावर या. कोणाच्या घरी एक्स-रे असेल तर घेऊन या, त्यातून बघू." तेव्हा सगळे तसंच बघायचे. डोळ्यांना ते वाईट असतं हे आता सांगतात. गोदूबाईचा गुरुजींवर विश्वास होता. नवऱ्याच्या आजारपणातले सगळे अर्ज त्यांनीच लिहून दिले होते. तिने ट्रंक उघडली. राजश्री सुट्टीवर आली होती, पण त्या वेळी खालच्या वाडीत दूध आणायला गेली होती.

ऊन आधी पिवळट झालं, मग राखेच्या रंगाचं. कोंबड्या खुराड्याकडे निघाल्या. आंब्याखाली पानांतून जे गोल कवडसे पडतात, ते एकाएकी कोयत्याच्या आकाराचे झाले आणि माणसांच्या अंगावर, तोंडांवर, शेकडो कोयते हलायला लागले. गुरुजी समजावत होते की हे सूर्याचंच चित्र आहे. कोणाचं लक्ष नव्हतं. वारा पडला होता आणि मुलंसुद्धा आयांना बिलगली होती.

गोदूबाईने मला वर धरलं. सूर्य बरोबर त्या डागाशेजारी आला आणि केस सोडलेली बाई लख्ख उजळली. गोदूबाई कितीतरी वेळ बघत राहिली. मग शेजारच्या सुंदराबाईने मला तिच्या हातातून घेतलं आणि डोळ्यांसमोर धरलं.

"अगो," ती हळूच म्हणाली, "हैबतीच्या छातीत बाय हाय गो."

मी तिच्या हातातून पेंढ्यात पडले. पाच मिनिटांत सगळ्यांना सगळं कळलं होतं. हैबतीला हडळ लागली होती. तिनेच त्याला आतून खाल्लं. औषधं लागू पडली नाहीत ती त्यामुळेच, आणि डॉक्टरांच्या मशीनमध्ये ती आयती सापडली.

गुरुजींनी मला उचललं, अंगठा फिरवला. "हे सुईने कोरलेलं आहे. हात लावून बघा, रेघ लागते."

कोणी हात लावेना. तेवढ्यात राजश्री दुधाची किटली घेऊन वर आली. गुरुजींनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ते बोलायचे थांबले. तेच नाक, तीच हनुवटी. त्यांच्या ध्यानात आलं होतं. पण ते नाव उच्चारलं तर या पोराचं गावात काय होईल, हेही त्यांना कळत होतं. त्यांनी मला खाली ठेवलं. माणूस भला होता, पण त्या क्षणी मला त्यांचा राग आला.

चांगू भगताला बोलावणं गेलं. त्याने सांगितलं, फळीवर चारही कोपऱ्यांना खिळे मारायचे आणि गावाच्या शिवेवर पुरायचं. उजेड अजून पुरता परतला नव्हता. त्याने मला फळीवर ठेवून पहिला खिळा ठोकला. माझ्या एका कोपऱ्याला भोक आहे ते त्याचंच.

"थांबा," राजश्रीने किटली खाली ठेवली. "ती बाय मी हाय."

मला वाटलं, सुटलो. आता यांना कळेल. पण सगळे दोन पावलं मागे सरले. बाई फिल्ममधून निघाली आणि चंदूच्या अंगात शिरली, असंच त्यांना वाटलं. भगताने तिला खाली बसवलं, कपाळाला अंगारा लावला आणि भुताला विचारतात तसं विचारायला लागला.

"कोन गो तू?"

"राजश्री."

"कुटली?"

"हितलीच. कापड्याची."

"कोनाची?"

"हैबतीची."

बायकांनी पदर तोंडाला लावले.

"पोराला कवा धरलास?"

"धरला नाय. जन्मापासना मी हितंच हाय."

तिचं एकेक उत्तर खरं होतं आणि प्रत्येक उत्तराला माणसं जास्तच घाबरत होती. असं भयाण काही मी आधी पाहिलं नव्हतं. मी तर मेलेल्या माणसाची छाती घेऊन जगणारी.

"काय घेऊन सोडशील?" भगताने विचारलं.

तिने जमलेल्या माणसांकडे पाहिलं. 'मस्करी केली, चंदूच हाय मी' असं म्हटलं असतं, तर शिव्या खाऊन सुटली असती. घर राहिलं असतं, गाव राहिलं असतं. भूत होऊन घुमली असती, तर नारळ फुटले असते, लोक पाया पडले असते. माणूस म्हणून, राजश्री म्हणून, तिला तिथे काहीच मिळण्यासारखं नव्हतं. माझा जीव तिच्यात अडकला होता.

"साडी पायजे," ती म्हणाली.

भगताला हायसं वाटलं. सगळ्याच हडळी साडी मागतात. "साडी, खण, नारळ आन गो," त्याने गोदूबाईला सांगितलं. "शिवेवर ठेव. कोनाशी बोलू नको, मागं वळून बगू नको. ती आपसूक जाईल."

गोदूबाई घरात गेली. बाहेर आली ती तिची हिरवी साडी घेऊन. नवरा गेल्यापासून ती घडी तिने मोडली नव्हती. सगळ्यांनी शिवेकडे जायला वाट करून दिली. ती त्या वाटेने गेलीच नाही. सरळ राजश्रीपाशी आली आणि तिने साडी तिच्या ओटीत टाकली.

"शिवंवर कशाला?" ती भगताला म्हणाली. "माजी लेक घरात नेसंल."

मग तिने दगडाने ठोकून खिळा काढला, मला पदराखाली घेतलं आणि लेकीला म्हणाली, "ऊठ. दूध नासंल."

त्या दिवाळीत गोदूबाईच्या ओट्यावर कोणी पाऊल ठेवलं नाही. फराळाचं ताट आलं नाही की गेलं नाही. संध्याकाळी गुरुजी तेवढे आले. "मी बोलायला हवं होतं," म्हणाले. गोदूबाईने त्यांना चहा दिला.

राजश्री महाडला परतली. तिने आणखी खूप फिल्म कोरल्या. मला गोदूबाईने तिच्याकडेच दिलं, पण एका अटीवर. दर दिवाळीला 'ह्यांना' घेऊन यायचं. आले की ती मला दाराच्या उजेडात धरते आणि नवरा आणि लेक दोघांना एकदम बघते.

दुसऱ्या वर्षापासून एक गंमत सुरू झाली. दिवाळीच्या अमावस्येला कापड्याच्या शिवेवर साडी, खण आणि नारळ ठेवलेला असायचा. हैबतीची बाय पुन्हा गावात शिरू नये म्हणून. राजश्री एसटीतून उतरून यायची, ती साडी उचलायची, घरी नेसायची. पहिल्या वर्षी ती खूप हसली आणि मग बराच वेळ ओट्यावर नुसती बसून राहिली. भुताला द्यायला गावाची ना नव्हती.

दोन हजार पाचच्या जुलैत सावित्री नदी महाडात शिरली. राजश्रीची खोली छपरापर्यंत बुडाली, आम्ही फिल्म ट्रंकेत, ट्रंक गाळात. चौथ्या दिवशी उबेदने आणि तिने आम्हाला बाहेर काढलं. भिजलेला थर सायीसारखा निघतो, म्हणून नुसतं पाणी ओतायचं, पुसायचं नाही, असं ती सारखी सांगत होती. उबेदने घाईघाईत एक फिल्म लुंगीने पुसली. गाळाबरोबर गोष्टही गेली. उजेडाकडे धरून बघतो तर कोपऱ्यात त्याच्या गाडीचं चाक तेवढं उरलेलं, म्हणजे ती त्याचीच. तो ते निळसर, जवळजवळ कोरं प्लास्टिक हातात धरून बसला होता. मी वाचले, पण अर्ध्याहून जास्त सोबतिणी गेल्या. राजश्रीचे कपडे, भांडी, सगळं गेलं. वाळायला दोरीवर टांगलेल्या आम्ही त्रेपन्न जणी उरलो होतो.

आता माझं एक मागणं आहे. जुन्या फिल्म विकत घेणारी माणसं दारोदार फिरतात. आमच्यात थोडी चांदी असते. ती काढायला आम्हाला सोड्याच्या पाण्यात उकळतात, आणि मग आत काहीच राहत नाही. तुमच्या माळ्यावर कोणाची फिल्म असेल, तर देण्याआधी एकदा उजेडाकडे धरा. मला तर कुठेही ठेवा, पण राजश्रीला माझ्यातून काढू नका.

एवढं बोलून थांबणार होते. पण परवाच्या दिवाळीचं सांगायलाच हवं.

राजश्री पायी येत होती, मी तिच्या पिशवीत. पिशवीत मला दिसत नाही, ऐकू येतं. शिवेजवळ ती एकदम थांबली. समोर कोणाचा तरी म्हातारा, धापा टाकणारा श्वास. त्यावरूनच ओळखली, सुंदराबाई होती, नुकती साडी ठेवून वळलेली. इतक्या वर्षांत त्या दोघी अशा समोरासमोर आल्या नव्हत्या. मला वाटलं, आता ही किंचाळणार, पुन्हा भगत, पुन्हा खिळे.

मग सुंदराबाईची पावलं आमच्या शेजारून गावाकडे निघाली, रीतीप्रमाणे मागे वळून न बघता. थोडं पुढे गेल्यावर तिचा आवाज आला.

"पुरात समदा गेला म्हनं तुजा. यंदा दोन ठेवल्यात. मागची पायात आखूड व्हत व्हती तुला, ही मोट्या पन्ह्याची बगून घेतली."