कपाटातला पाव

मास्तर यहुदी मुलांना तोरा हा त्यांचा धर्मग्रंथ शिकवायचे. त्या दिवशी धडा मान्नाचा होता. वाळवंटात देव रोज सकाळी आकाशातून अन्न पाडायचा, आणि कुणी ते उद्यासाठी लपवून ठेवलं की त्यात किडे पडायचे. "हावरटाच्या पदरात शेवटी किडेच पडतात," मास्तरांनी मुलांना बजावलं.

घरी आले तर आईच्या खोलीत कुबट वास भरलेला. त्यांनी कपाट उघडलं. कपड्यांच्या घड्यांमध्ये रुमालात बांधलेले पावाचे तुकडे होते, हिरवी बुरशी चढलेले.

"आई, हे काय गं! देवावर भरवसा नाही का तुझा?"

"आहे की," म्हातारी पलंगावरून म्हणाली. "लढाईत पाव रोज सकाळी वाटायचे. मध्येच वाटप बंद झालं. पुन्हा पाव आला तोवर तुझी बहीण गेली होती. तू पोटात होतास."

आपल्याला बहीण होती हेच मास्तरांना ठाऊक नव्हतं. त्यांनी बुरसलेले तुकडे टाकले, धुतलेल्या रुमालात ताजा पाव बांधला आणि घड्यांमध्ये ठेवला.

जेवण झाल्यावर दोघांनी नेहमीची आभाराची प्रार्थना सुरू केली. 'नीतिमानाची लेकरं भाकरीसाठी भीक मागताना मी कधी पाहिली नाहीत,' या ओळीपाशी मास्तर थांबले. शेजारी आईही गप्प होती. मग तिने पुढची ओळ धरली. ती ही ओळ कधीच म्हणत नाही, हे मास्तरांच्या आज प्रथमच लक्षात आलं.