गेला तेल लावत

दाजींना मोठा आवाज फार प्रिय. स्वतःचा होताच, आता गाडीचाही हवा होता. कुठल्याशा व्हिडिओत त्यांनी पाहिलं की पिकअपचा मूळचा एअर फिल्टर डब्यासकट काढून टाकायचा, त्या जागी लाल रंगाचा उघडा फिल्टर बसवायचा, म्हणजे इंजिन मोकळा श्वास घेतं. झालं. दुसऱ्या दिवशी फिल्टरचं खोकं काखोटीला मारून स्वारी मेहुण्याच्या गॅरेजात हजर.

मेहुण्याला सगळे पान्या म्हणत. हे नाव दाजींनीच ठेवलेलं, ताईशी लग्न झालं त्या दिवशी, भरल्या मांडवात. "हा आमचा पान्या. नट दिसला की पिळणार." लोक हसले आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. आता गिऱ्हाइकंसुद्धा 'पान्या कुठाय?' असं विचारत यायची. पान्याही हसायचा. बहिणीचा नवरा, बोलणार काय? पण गिळलेलं सगळंच काही पचत नाही.

"दाजी, हा उघडा फिल्टर इंजिनाचीच गरम हवा ओढणार," तो म्हणाला. "आवाज वाढेल, पण चढावर गाडी रडेल."

"पान्या, तू पाने फिरव. डोकं मी चालवतो."

त्यानं पाने फिरवले. गाडी डरकाळ्या फोडायला लागली, आणि डिझेल मात्र आधीपेक्षा जास्त प्यायला लागली. बडा घर पोकळ वासा. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, तर दाजींनी त्यावर काळी चिकटपट्टी लावली आणि दिवा दुरुस्त झाल्याचं सगळ्यांना सांगितलं.

गाडी खरं तर ताईची. पत्र्याच्या शेडमध्ये तिची लाँड्री होती. लॉजच्या चादरी ती उकळायची, हातानं पिळायची, ब्लीचिंग पावडरनं बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या. आता टेकडीवरच्या दवाखान्यानं तिला एक खेप करून बघायला सांगितलं होतं. सोमवारी सकाळी, ऑपरेशनं सुरू व्हायच्या आत, स्वच्छ चादरी पोचवायच्या. नीट झालं तर सगळ्या दवाखान्याचं काम कायमचं तिच्याकडे. शनिवारी ती स्वतः गाडी घेऊन भावाकडे आली.

"राजा, एवढी खेप नीट गेली ना, की मी यंत्र घेणार. हातानं पिळणं बंद." हे सांगताना ती किती वर्षांनी लाजली, ते बघून पान्याला भरून आलं. त्यानं गाडी तपासली, सगळं ठीक आहे म्हणाला. शनिवारी ते खरंही होतं.

रविवारी संध्याकाळी तो एका ट्रकखाली पडला होता. हात ग्रीसनं माखलेले, म्हणून दाजींचा फोन स्पीकरवर, आणि बाजूला शेजारचे दोघंतिघं चहा पीत बसलेले.

"पान्या, फिल्टर मळलाय रे. उद्या दवाखान्याची खेप आहे. काय करू?"

"गेला तुमचा फिल्टर तेल लावत," पान्याच्या तोंडून निघून गेलं.

पान्याला वाटलं, आता भडकणार. पण दाजींचा आवाज आला तो अगदी शाळकरी. "तेल लावायचं? हां, व्हिडिओतही तो तेलाचं काहीतरी म्हणत होता. कुठलं लावू?"

चहा पिणाऱ्यांपैकी एकाला ठसका लागला. अशा फिल्टरला तेल लागतंच, पण त्याचं वेगळं, चार थेंब, तेही सुकवून. जास्त झालं की ते आत ओढलं जातं आणि हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या केसाएवढ्या तारेवर बसतं. मग इंजिनाला कळतच नाही, हवा किती आणि डिझेल किती. हे सगळं पान्याला पाठ होतं. एका वाक्यात सांगता आलं असतं.

"असेल ते," तो म्हणाला.

"इंजिन ऑइल चालेल?"

"पळेल."

"किती लावू?"

"निथळेपर्यंत."

फोन बंद झाल्यावर गॅरेज असं हसलं की ट्रकखालून पान्याला बाहेर यावं लागलं. इतकं मोकळं तो मांडवातल्या त्या दिवसानंतर हसला नव्हता. त्याचा हिशोब साधा होता. सकाळी गाडी घरासमोरच खोकेल, दाजी तोंड पाडून येतील, आपण चार माणसांसमोर सेन्सर पुसून देऊ. ताईची खेप वेळेत जाईल.

पण गाडी घरासमोर खोकली नाही. सपाटीवर ती झकास पळाली. सकाळी दाजींचा फोन वाजला तेव्हा पान्या कुलूप उघडत होता. "वाजू दे. जरा घाम निघू दे," तो शेजाऱ्याला म्हणाला. फोन पुन्हा वाजला, पुन्हा वाजला, मग थांबला.

दुपारी एका ट्रॅक्टरनं पिकअप ओढत आणली. मागच्या उघड्या हौद्यात चादरींची गाठोडी तशीच होती, आणि ती काळी होती. अर्ध्या चढावर गाडीचा दम गेला होता. दाजी रेटत राहिले आणि गाडी धूर ओकत राहिली, सगळा त्या गाठोड्यांवर. ताईनं त्यातली दोन पाठीवर मारून वर नेली होती. दवाखान्यातल्या बाईंनी गाठोड्यावरून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि दार लावून घेतलं.

"यानंच सांगितलं," दाजी जमलेल्या माणसांना सांगत होते. "मी विचारलं, तर म्हणाला, तेल लावा."

माणसं फिदीफिदी हसली. दाजींना वाटलं, नीट ऐकू आलं नसेल. त्यांनी मोठ्यानं सांगितलं. हशा आणखी मोठा झाला. आयुष्यात पहिल्यांदा ते शब्दाशब्दाला खरं बोलत होते आणि आवाज चिरकत होता. शेवटी ते रस्त्याच्या पलीकडे जाऊन पाठमोरे उभे राहिले.

ताई हसली नव्हती. माणसं पांगल्यावर ती जवळ आली. कपाळावर काजळी होती.

"म्हणालास तू?"

"चिडून गेलं गं तोंडातून."

"त्यांना खरं वाटलंय, हे कळलं होतं तुला?"

पान्यानं वाकून पिकअपची चावी काढून हातात घेतली.

"सकाळी फोन मी करत होते. त्यांचे हात स्टीअरिंगवर होते."

"ताई, सेन्सर पुसला की गाडी आत्ता..."

"ते मूर्ख आहेत हे मला लग्नापासून माहिती आहे," ती म्हणाली. "म्हणून तर गाडी तुझ्याकडे आणली होती."

तिनं हात पुढे केला. "चावी द्या."

दाजी आले असतील असं वाटून पान्यानं मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.