कॅमेऱ्यासाठी तीनदा

माझा जावई नोबुआकी नगरपालिकेला उभा राहिला आणि माणसंच ओळखेनासा झाला. जन्मभर गणित शिकवलेला माणूस, प्रचारातलं काही कळत नाही, त्यात फिल्म काढणारा एकजण कायम मागे. काल माझ्या तोफूच्या दुकानापुढे आमच्या गल्लीतली नव्वदीची फुजिए भेटली. जावई कमरेत वाकला. समोरचा वाकल्यावर आपण ताठ कसं राहायचं, म्हणून तीही काठीवर वाकली.

“उजेड नीट नव्हता, परत घेऊ,” कॅमेरावाला म्हणाला.

असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा फुजिएला सरळच होता येईना. मी तिला धरून बसवलं.

“सासूबाई, गल्लीची मतं तुमच्या शब्दावर आहेत ना?” जावई हळूच म्हणाला.

“आहेत, आणि त्यातलं एकही तुम्हाला मिळणार नाही, जावईबापू. ज्याच्यासाठी वाकलात, त्या कॅमेऱ्याकडे मागा.”