सोळा तारखेचं तापमान

वर्गात त्याला सगळे 'कपाट' म्हणत. नाव वर्गाने ठेवलं होतं, पण त्यामागची मेहनत त्याच्या आत्याची होती.

पानगळीचे दिवस होते. सकाळी आठला दात वाजत, अकराला डोकं तापे, आणि चारला सुटायच्या वेळी पावसाची एक सर येई, तीही तिरकी, म्हणजे छत्रीवाल्याचाही अपमान झाला पाहिजे अशी. भूगोलाचे सर आणि ही सर यांत फरक एवढाच, की पावसाची सर वेळेवर येत असे.

या हवेवर आत्याचा उपाय ठरलेला होता: सगळंच बरोबर न्यायचं.

"आत्या, ऊन पडलंय."

"पडलंय ना? मग जाईलही. स्वेटर घाल."

"आणि मफलर कशाला?"

"स्वेटरला गळा आहे का? मग."

स्वेटर, मफलर, कानटोपी, छत्री आणि मोज्यांचा जास्तीचा जोड एवढा संसार घेऊन तो निघे. वर्गात बाकावर त्याच्या शेजारी त्याचेच कपडे बसत. चारपर्यंत वर्ग त्याला हसे. चारला पाऊस आला की तीच मंडळी अतिशय प्रेमाने म्हणत, "कपाटा, जरा सरक की छत्रीत." आणि तो सरकून स्वतः भिजे. नाही म्हणायला जी ताकद लागते ती स्वेटरातून मिळत नाही.

त्या वर्षी भूगोलाला हवामानाची नोंदवही होती. तीस दिवस सकाळी आठला कॉलेजच्या गच्चीवर जायचं, तिथल्या पांढऱ्या झडपांच्या पेटीतला तापमापक बघायचा, आकाश बघायचं, लिहायचं. वीस गुण. सरांची सही नसेल तर परीक्षेला बसता येणार नाही. कपाटाच्या वडिलांनी त्याला बहिणीकडे ठेवतानाच सांगितलं होतं, "एक वर्ष वाया गेलं की शिक्षण संपलं. दुकानात खिळे विकायला यायचं." ही धमकी नव्हती. वडील धमक्या देत नसत, नुसतं कळवत असत.

गच्चीला बहात्तर पायऱ्या होत्या. त्यामुळे वर्गातल्या चाळीस जणांनी कामाची शास्त्रशुद्ध वाटणी केली: एकाने चढायचं, एकोणचाळीस जणांनी चढायचं नाही. मोत्यासारखं अक्षर असलेली एक मुलगी होती, तिला 'लिखाळ' म्हणत. ती कॅन्टीनमध्ये बसून वर्तमानपत्रातलं आदल्या सकाळचं तापमान त्या तारखेपुढे उतरवी आणि बाकीचे तिच्या वहीतून उतरवत. कपाटाला कोणी बोलावलं नाही. त्याने बाणेदारपणे नकार दिला असता असं नाही. बोलावलं असतं तर तो बहुधा गेलाच असता. पण कोणाला आठवण झाली नाही, आणि आपण होऊन विचारायचं त्याला जमलं नाही. म्हणून तो महिनाभर प्रामाणिक राहिला.

वह्या तपासायच्या दिवशी सरांनी एकेकाला खोलीत बोलावलं. शेजारी त्यांनी स्वतः लिहिलेली 'आदर्श वही' होती. तिच्याशी जुळवायचं आणि सही ठोकायची. एकोणचाळीस सह्या सुखाने झाल्या. दारात लिखाळ सही झालेल्या वह्या गोळा करत उभी होती.

चाळिसावी वही उघडून सरांनी चष्मा वर केला.

"चार तारखेला पाऊस? सगळ्यांचं आकाश निरभ्र आहे."

"सर, साडेसातला भुरभुर होती. आठला थांबली."

"नऊ तारखेला धुकं?"

"होतं सर."

"तुझ्या एकट्यावर होतं?" सर हसले. "घरी बसून लिहिलंयस. अरे, निरीक्षण खरं असेल तर ते सगळ्यांचं सारखं येतं. हे शास्त्र आहे, निबंध नाही. हिची वही घे आणि चारपर्यंत नीट उतरवून आण. नाहीतर सही विसर."

कपाटाने वही घेतली. खिळ्यांचं दुकान त्याला स्पष्ट दिसू लागलं होतं. तो तिथेच कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला आणि कोऱ्या वहीत उतरवू लागला. अक्षर खरोखर सुंदर होतं. पंधरा तारखेपर्यंत त्याने पंधरवड्याचं धुकं, भुरभुर आणि वारा मुकाट्याने पुसून टाकला. सोळाव्या ओळीवर पेन थांबलं.

"सर," तो स्टुलावरूनच म्हणाला, "सोळा तारखेला एक्याऐंशी लिहू?"

"सगळ्यांचं जे आहे ते लिही."

"सगळ्यांचं एक्याऐंशीच आहे सर. अंश सेल्सिअस. माझे अठरा होते."

सरांनी लिखाळची वही मागून घेतली. मग ढिगातल्या आणखी दोन. एक्याऐंशी. छापणाऱ्याने आकडे उलटे लावले होते, आणि एकोणचाळीस जणांनी त्या भट्टीत उभं राहून आकाशाची नोंद 'आल्हाददायक' अशी केली होती. शेवटी सरांनी आदर्श वही उघडली. ती त्यांनी बराच वेळ उघडी ठेवली.

कपाटाला आपणच काहीतरी फोडल्यासारखं वाटलं.

"सॉरी सर," तो म्हणाला.

"असू दे," सर म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. त्यांनी आदर्श वही खणात ठेवली, कपाटाची जुनी वही ओढून सही केली आणि शेरा लिहिला: 'नोंदी नियमित. इतरांशी मेळ नाही. वीसपैकी अकरा.' बाकीच्यांचे पंधरा तसेच राहिले. एकोणचाळीस सह्या खोडायच्या म्हणजे कारण लिहावं लागलं असतं.

अकरा पुरेसे होते. परीक्षेला बसता येणार होतं.

बाहेर जिन्यात लिखाळने त्याला गाठलं. "तू रोज वर जायचास? खरंच?"

"हो."

"बावळट आहेस. पण तो एक्याऐंशीचा आकडा तुला कसा काय खटकला? आमच्या तर कोणाच्याच लक्षात आला नाही."

कपाटाने गच्चीवरची ती सकाळ प्रामाणिकपणे आठवून बघितली.

"मला थंडी वाजत होती," तो म्हणाला.