पारूबाईचा भुईआवळा

रेणापूरजवळच्या त्या खेड्यात कुणाचे डोळे पिवळे झाले की माणसं पारूबाईकडे यायची. ती बांधावरचा भुईआवळा मुळासकट उपटून आणायची आणि वाटून ताकातून द्यायची.

तिच्या सुनेला, ज्योत्स्नाला, टीबी निघाला तेव्हा मात्र तिनं झाडपाल्याचं नाव काढलं नाही. पारूबाईचा नवरा नरसिंग याच दुखण्यानं गेला होता. जरा बरं वाटताच त्यानं गोळ्या मध्येच सोडल्या होत्या. म्हणून ज्योत्स्ना गोळ्या गिळेपर्यंत पारूबाई समोरून हलायची नाही.

पुढं ज्योत्स्नाला मळमळू लागलं, अन्न नकोसं झालं. गोळ्या लिव्हरला बाधल्या, हे पारूबाईनं ओळखलं आणि भुईआवळ्याचा रस सुरू केला. गोळ्या थोडे दिवस थांबवू का, असं ज्योत्स्नानं एकदा विचारलं. "ते सोडून बोल," पारूबाई म्हणाली. ज्योत्स्ना गुमान गोळ्या घेत राहिली.

मग एका सकाळी अंगणातल्या उन्हात तिचे डोळे हळदीसारखे दिसले. पारूबाईचा मुलगा अश्वजित दोघींना घेऊन लातूरच्या दवाखान्यात गेला. रक्त तपासून डॉक्टरीणबाईंनी सगळ्या गोळ्या बंद करायला सांगितल्या.

पारूबाई मध्येच बोलली. "माझे मालक गोळ्या सोडूनच गेले. अन् तुमी बी तेच सांगून राहिल्या?"

डॉक्टरीणबाई तिच्याजवळ बसल्या. आपल्या मनानं सोडणं वेगळं आणि तपासून थांबवणं वेगळं, लिव्हर सावरलं की एकेक गोळी परत सुरू करू, असं त्यांनी समजावलं. पारूबाईनं चाचरत रसाचंही सांगितलं. त्या रागावल्या नाहीत.

"मावशी, त्यानं हिला फायदा होतो का अपाय, मी खात्रीनं सांगू शकत नाही. सध्या तोही बंद."

ज्योत्स्नाला दवाखान्यातच ठेवून घेतलं. काहीच न देता तिच्या खाटेशी नुसतं बसून राहणं पारूबाईला फार जड गेलं. ती सुनेचे पाय चेपत म्हणाली, "मला वाटलं, मी तुला वाचवून राहिले."

"मलाबी तसंच वाटलं, आत्याबाई. म्हणून तर घेत गेले."

हळूहळू डोळ्यांतला पिवळेपणा उतरला. एकेक गोळी पुन्हा सुरू झाली, दर खेपेला रक्त तपासलं गेलं. घरी आल्यावर जरा मळमळलं तरी ज्योत्स्ना लगेच सांगायची. पारूबाई हातातलं काम टाकून अश्वजितला हाक मारायची आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावायला सांगायची. ज्योत्स्नाचा कोर्स पुरा झाला, आणि पुढच्या सुगीला दोघी मिळून हरभरा काढायला गेल्या.